दिवसा जळणारे दिवे

दादा,

तुला नेलं तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते, आणि रस्त्यावरचे सगळे दिवे चालू होते.

तुझा नितीन मुंबईहून पोचेपर्यंत थांबावं लागलं म्हणून एवढा उशीर झाला. चैत्राचं ऊन डोक्यावर आलं होतं. वरच्या वाडीतून तुला खांद्यावर घेऊन माणसं उतरू लागली आणि प्रत्येक खांबावर दिवा जळत होता. भर उन्हात तो उजेड कोणाच्या कामाचा नव्हता. नीट बघितलं तरच कळत होतं की दिवा चालू आहे. बायका तीन वाटांच्या तिठ्यापर्यंत आल्या आणि थांबल्या. काशीकाकी माझ्या बाजूला उभी होती. तिने वर बघितलं आणि म्हणाली, "आज कोणी बंद नाय केले गो दिवे?" मग तिचं तिलाच उमगलं, आणि तिने पदर तोंडात घातला.

दोन वर्षं ते काम तूच करत होतास. पहाटे उठून काठी घ्यायचास, वरच्या वाडीपासून सुरुवात करायचास, एकेका पेटीशी थांबून स्विच खाली करत तिठ्यापर्यंत यायचास. संध्याकाळी उलटी फेरी. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी विचारलंही नव्हतं. बहुतेकांना वाटायचं, म्हातारा फिरायला जातो. त्या दिवशीही संध्याकाळी तू दिवे लावून आलास, पडवीत बसलास, छातीत जड वाटतंय म्हणालास. रत्नागिरीला नेण्यासाठी रिक्षा दारात येईपर्यंत तू संपला होतास. सकाळी ते दिवे बंद करायला हवेत हे साऱ्या गावात एकाच माणसाला ठाऊक होतं.

म्हणजे दोन. मलाही ठाऊक होतं. पण त्या सकाळी मी तुझ्या उशाशी बसून होते आणि मला दुसरंच काही आठवत होतं. ते पुढे लिहिते.

आपल्या गावात पहिला खांब आला तेव्हा तू सातवीत होतास, मी दुसरीत. तिठ्यावरच्या त्या एका दिव्याखाली अख्खं गाव जमलं होतं. कोणी नारळ फोडला. आपण पोरं आपापल्या सावल्या बघत गोल गोल धावलो, कारण रात्रीच्या वेळी एवढी काळी सावली आपण कधी पाहिलीच नव्हती. तू मात्र धावला नाहीस. मान वर करून बघत राहिलास आणि घरी आल्यावर आईला म्हणालास, "मी त्याच्यावर चढणार." आणि चढलास. मुंबईत सगळी नोकरी तू खांबांवरच केलीस. सुट्टीत यायचास तेव्हा तुझ्या हातांना तारेचा आणि घामाचा वास असायचा. मला त्या वासाचं केवढं कौतुक होतं. आमच्या दादामुळे मुंबईचे रस्ते उजळतात, असं मी शाळेत सांगायचे.

तू निवृत्त होऊन परत आलास तो वेगळाच होऊन आलास. शेवटच्या वर्षांत कधीतरी तुमच्या कामगारांची सहल विदर्भात गेली होती. तिथे तुम्हाला औष्णिक वीजकेंद्र दाखवलं. सगळ्यांनी फोटो काढले, डबे खाल्ले. तू नुसता कोळशाच्या मालगाड्या बघत बसलास. एक गाडी रिकामी होते न होते तोवर दुसरी उभी. माझ्या पडवीत बसून तू हे सांगितलंस तेव्हा तुझा आवाज एखादी चोरी कबूल केल्यासारखा होता.

"कोळसाच जाळला गो मी जन्मभर," तू म्हणालास. "धूर दुसऱ्यांच्या गावात निघत होता, एवढंच."

मी हसले होते. त्याच वर्षी तुझ्या कलमांचा मोहोर करपला. पुढल्या वर्षी आंबा बोराएवढा झाल्यावर अवेळी पाऊस आला आणि झाडाखाली हिरवा सडा पडला. गावात सगळेच हवामानाला शिव्या देत होते. तू शिव्या दिल्या नाहीस. त्या आंब्यांतला एक उचलून तू म्हणालास, "ह्यात माझाही हात आहे." ह्यांनी मला हळूच खूण केली, की तुझ्या भावाचं डोकं फिरलंय.

पुढच्या वर्षी ग्रामपंचायतीची आमची जागा बायकांसाठी राखीव झाली आणि मी निवडून आले. खरं तर ह्यांनीच उभं केलं. पहिल्या सभेला निघाले तेव्हा हेही कडक शर्ट घालून माझ्याबरोबर निघाले. सगळ्याच बायकांचे नवरे येत होते, त्यात कोणाला वावगं वाटत नव्हतं. तू पंचायतीच्या दारात उभा होतास. ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालास, "भावोजी, मेंबर ती हाय. चला, आपण चहा घेऊ." मी एकटी आत गेले. त्या दिवशी मी एक वाक्य बोलले असेन, पण ते माझं होतं. त्याबद्दल तुला मी कधी काही म्हणाले नाही. बहिणी भावांना अशा गोष्टींसाठी 'आभारी आहे' म्हणत नाहीत. म्हणायला हवं होतं.

मग तू तुझं काम काढलंस. गावात तेव्हा सोडियमचे पिवळे दिवे होते. मोठाले, तापणारे, आणि रात्रंदिवस चालू. बंद करायला स्विचच नव्हता. तू खांबन् खांब हिंडलास आणि मला सांगितलंस, "हे सगळे काढायचे. एलईडी लावायचे, प्रत्येकाला सेन्सर. उजाडलं की आपोआप बंद. अर्ध्याहून कमी विजेत तेवढाच उजेड."

"आणि त्याने काय होईल?" मी विचारलं. आपलं भांडण तिथून सुरू झालं. "आपल्या एवढ्याशा गावाचे दिवे कमी करून जगाची हवा थंड होणार आहे का, दादा?"

"नाही होणार."

मला वाटलं होतं तू वाद घालशील. तू सरळ नाही म्हणालास.

"मग कशाला?"

"ताटात टाकायचं नाही असं आई सांगायची ना? तू टाकलं नाहीस म्हणून कुठल्या उपाशी माणसाचं पोट भरलं गो? तरी टाकत नव्हतो आपण."

मी विषय ग्रामसभेत मांडला. तिथे लोकांकडे उत्तरं तयार होती. बारके दिवे लावून पैसे खाणार, असं कोणी म्हणालं. काशीकाकी उठून म्हणाली, "बारका दिवा लावलास तर वाटेत जनावर आडवं पडलेलं कसं दिसायचं?" सापाचं नाव निघाल्यावर ग्रामसभेत कोण काय बोलणार? ठराव पडल्यात जमा होता.

दुसऱ्या दिवशी तू बाजारातून स्वतःच एक एलईडी आणलास आणि तिठ्याजवळ पिवळ्या दिव्याच्या शेजारच्या खांबावर लावलास. त्या वयात चढलास. वहिनी खालून ओरडत होती. तिन्हीसांजेला तू बायकांना बोलावलंस. दोन सुपांत तांदूळ, दोन्हींत सारखेच खडे मिसळलेले. एक सूप पिवळ्या दिव्याखाली, एक नव्या दिव्याखाली. "निवडा," म्हणालास. नव्या दिव्याखाली काशीकाकी बसली होती. तिने सगळे खडे काढून सूप पाखडलं तेव्हा पिवळ्या उजेडातल्या आम्ही दोघी अजून तांदूळ आणि खडे यांत फरक शोधत होतो. काकी म्हणाली, "ह्या उजेडात तर माझ्या सुनेचं खोटं पण दिसंल!" सून तिथेच होती, ती सगळ्यांत मोठ्याने हसली. पुढच्या सभेत ठराव एकमताने झाला. मी मांडला, काकीने अनुमोदन दिलं.

सेन्सर नीट चालले तो दीड वर्षाचा काळ मला फार आठवतो. नवे दिवे लागल्यावर तू मला एकदा पहाटे उठवायला आलास. वरच्या सड्यावर, कातळाच्या माळावर नेलंस. खाली आपला रस्ता, त्यावर दिव्यांची माळ. तांबडं फुटलं तसे एकेक करून दिवे आपोआप जाऊ लागले. आधी सड्याजवळचे, मग झाडांच्या सावलीतले. तू बोट दाखवून एकेक मला सांगत होतास. तू एवढा खूश मला फक्त नितीन झाला तेव्हा दिसला होतास. मी म्हणाले, "झालं ना मनासारखं?" तू म्हणालास, "आपल्यापुरतं झालं."

तेवढंही राहिलं नाही.

दुसऱ्या पावसाळ्यात सेन्सरमध्ये पाणी शिरलं. संध्याकाळ झाली तरी दिवे लागेनात. लोक पंचायतीत आले, ठेकेदाराची माणसं आली, आणि त्यांनी सेन्सर काढून टाकून तारा थेट जोडल्या. आता दिवे लागायचे, पण बंद व्हायचे नाहीत. तू अर्ज दिलास. मी सभेत बोलले. नवे सेन्सर 'मागवले आहेत' असं उत्तर मिळालं, आणि तेच उत्तर अजून आहे. मग तूच पदरमोड करून प्रत्येक पेटीत एकेक स्विच बसवलास आणि काठी घेऊन निघालास.

त्यातच दुसरं सुरू झालं. वीज कमी लागते म्हटल्यावर प्रत्येकाला दिवा हवा झाला. ज्याच्या घरी कार्यकर्ता, त्याच्या फाटकाशी खांब. देवळाला चारी बाजूंनी दिवे. बागेत जायच्या पायवाटेवर दिवे, जिथे संध्याकाळनंतर कोणी पाऊल टाकत नाही. प्रत्येक अर्ज माझ्यासमोर यायचा आणि प्रत्येक अर्जामागे एक ओळखीचं तोंड असायचं. नाही म्हणणं मला जमलं नाही. तू एकदा सगळे मोजून आलास, माझ्या ओट्यावर टेकलास आणि म्हणालास, "बाय, सोडियम होते तेव्हापेक्षा आता जास्त वीज जाते." पाणी मागितलंस, प्यालास आणि उठून गेलास. तेव्हा तरी मी काही करायला हवं होतं.

मग तिठ्यावर पांडुरंगाची मोटारसायकल घसरली आणि त्याचा पाय मोडला. लोक म्हणाले, अंधार होता. तू म्हणालास, दिवा होता, खड्डा होता. दोन्ही खरं असेल. पण खड्डा बुजवायला निधी नव्हता आणि हायमास्टला होता. उंच खांब, वर आठ झोत. पुढच्या वर्षी निवडणूक. सरपंच म्हणाले, "तुमच्याच वाडीत येतोय मॅडम, तुमचंच नाव होईल." मी सही केली. तुला सांगितलं नाही.

गणपती गेल्यावर हायमास्टच्या पायासाठी जांभा दगड फोडायचा आवाज तुला घरापर्यंत ऐकू आला. तू सरळ माझ्याकडे आलास. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाहीस.

"सही तू केलीस?"

"लोकांना उजेड हवाय, दादा."

"उजेड होता. काशीकाकीने खडे निवडले त्या उजेडात."

"त्यांना आणखी हवाय. मी काय त्यांच्याशी भांडत बसू? उद्या मतं मागायला मलाच जायचंय."

"मग भावोजींना आत जाऊ द्यायला हवं होतं मी त्या दिवशी."

एवढं बोलून तू वळलास. दादा, हे वाक्य मी तुला माफ केलं नाही. आज तू गेल्यावरही पूर्ण केलेलं नाही, खोटं कशाला बोलू. ते खरं होतं म्हणून जास्त लागलं. मी मागून ओरडले, "एका माणसाने स्विच दाबून काय होणार आहे? वेडा म्हणतात तुला गावात!" तू थांबला नाहीस. ऐकू आलं की नाही, मला माहीत नाही. आलं असणार.

त्यानंतर आपण बोललो नाही. शिमग्यात पालखी तुझ्या अंगणात आली तेव्हा मी ओटी भरायला आले, तुला ओलांडून गेले. रोज सकाळी तू माझ्या दारावरून जायचास. काठीचा आवाज यायचा, मग पेटीचं झाकण वाजायचं. मी चुलीपाशी बसून ऐकायचे आणि मनात म्हणायचे, उद्या बोलेन.

फाल्गुनात वहिनीच्या हाती तू ओल्या काजूगरांचा डबा पाठवलास. मला आवडतात म्हणून स्वतः सोलून. त्या चिकाने बोटं कशी सोलवटतात ते मला ठाऊक आहे. कोणाचा डबा रिकामा परत करू नये, चिमूटभर साखर तरी घालावी, असं आईने आपल्याला शिकवलं होतं. मी तो डबा धुऊन, पुसून, मुद्दाम रिकामा परत पाठवला. वहिनीला त्यातलं काही कळलं नाही. तुला कळलं असणार. तू झाकण उघडून आत बघितलं असशील.

त्या सकाळी तुझ्या उशाशी बसून मला तो डबाच आठवत होता. दिवे नाही.

तेराव्यानंतर वहिनी म्हणाली की रिक्षाची वाट बघताना तू म्हणाला होतास, "सकाळी बायला सांग." तेवढंच. तिने विचारलं, काय सांगू, तर तू नुसता हात हलवलास. दिवे बंद करायला सांग म्हणून, की आणखी काही, ते आता कोणी सांगू शकत नाही. मी दोन्ही धरून चालते. दुसऱ्या दिवसापासून मी सकाळ-संध्याकाळ दिव्यांच्या फेरीला जाऊ लागले. वरच्या वाडीपासून तिठ्यापर्यंत माझे गुडघे धरतात, तुझे कसे चालत होते कोण जाणे. चढणीवर दोनदा बसले. वाटेत लोक विचारायचे, "कुठे निघालात?" मी म्हणायचे, "फिरायला."

पंधराएक दिवस गेले असतील. एका सकाळी प्रत्येक पेटीला कुलूप दिसलं. सदस्य असून मला पत्ता नव्हता. ग्रामसेवक अदबीने म्हणाले, "मॅडम, उघड्या पेटीला कोणीही हात लावतं. शॉक लागला तर जबाबदारी कोणाची? दादा जाणकार होते, त्यांची गोष्ट वेगळी." त्यात चूक काय काढू? मी किल्ली मागितली. ती ठेकेदाराकडे आहे म्हणाले. ठेकेदाराचा फोन लागत नाही. आता ते दिवे अहोरात्र चालू असतात, नवे, जुने, फाटकावरचे, पायवाटेवरचे, माझ्या सहीचा तो हायमास्ट. दुपारी मी वाळवण घालते तेव्हा डोक्यावर दिवा असतो. कुठेतरी तुझ्या त्या कोळशाच्या गाड्या येत असतील, रिकाम्या होत असतील.

एक मेला ग्रामसभा झाली. मी ठरवून गेले होते की दिव्यांचं बोलायचं. सेन्सर आणा, निदान किल्ली द्या. रात्री पाठ केलं होतं, तू शिकवलं होतंस तसं. पण सुरुवातीलाच सरपंच उभे राहिले. तुझं नाव घेताना त्यांचा आवाज खरंच भरून आला, ते नाटक नव्हतं. म्हणाले, "सदादादांनी ह्या गावाला उजेड दिला. त्यांच्या घराकडच्या वळणावर, त्यांच्या नावाने, गावाने एक हायमास्ट उभारायचा."

टाळ्या वाजल्या. काशीकाकीने डोळे पुसले. पांडुरंग कुबडी टेकून उभा राहिला आणि म्हणाला, खांबाच्या खड्ड्यासाठी मी माझा एक दिवस देतो. वहिनी पहिल्यांदाच ग्रामसभेला आली होती. पुढच्या रांगेत बसून रडत होती, पण तिचा चेहरा तू गेल्यापासून पहिल्यांदा उजळलेला दिसत होता. तिच्या नवऱ्याला गाव वेडा म्हणत होतं, आणि आता त्याच्यासाठी टाळ्या वाजवत होतं.

मी उठले. म्हणाले, "दादाला हे आवडलं नसतं."

सरपंच हात जोडून म्हणाले, "त्यांना मोठेपणा नको होता, ताई, हे आम्हालाही माहीत आहे. म्हणून तर आपण करायचा." पुन्हा टाळ्या. मला पुढचं एकही वाक्य आठवेना. मी खाली बसले. वहिनीने माझा हात घट्ट धरला. ठरावाला हात वर करा म्हटलं तेव्हा तिने आपला दुसरा हात वर केला आणि माझ्याकडे बघितलं. मी हात वर केला, दादा. एकमताने झाला.

परवा तुझ्या वळणावर खड्डा खणायला माणसं आली. वहिनीने त्यांना कोकम सरबत केलं, मी पेले भरून दिले. एकाला तिने विचारलं, उजेड कुठवर पडेल? तो म्हणाला, काकी, तुमचं अंगण, पडवी, आतली खोली, सगळं उजळून निघेल. तिने कडेला जाऊन खड्ड्यात वाकून बघितलं. मग माझ्याकडे वळली.

"ह्यांना आवडलं असतं ना गो, बाय?"

मी हो म्हणाले.